समोरच्या घरातला सत्कार

शेजारी कुणी आजारी पडलं तर आपण धावत जातो, डबा नेऊन देतो, दवाखान्यात रात्र काढतो. पण त्याच घरात पेढ्यांचा पुडा आला की आपले पाय उंबरठ्यावरच अडखळतात. हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही? चाकूरच्या मंजुश्रीलाही तो आला, आणि तिचं तेवढ्यावर भागलं नाही, म्हणून ही गोष्ट सांगायची.

मंजुश्रीच्या नवऱ्याचं, सोमेशचं, बसस्टँडच्या रस्त्याला भांड्यांचं दुकान होतं. घर जुनं, मानाचं. गल्लीत लग्न असो की बारसं, पहिलं बोलावणं मंजुश्रीला यायचं आणि ते तसंच यावं अशी तिला सवय झाली होती. त्या सकाळी ती पूजा आटोपून उठत होती, तेवढ्यात समोरची सिंधू दारात आली. हातात पेढे, चेहरा फुललेला. लातूरला मोठा कार्यक्रम होता, हृदयाच्या अभ्यासात इतकी वर्षं साथ देणाऱ्या लोकांच्या सत्काराचा. चाकूरहून स्टेजवर जाणाऱ्यांत सिंधूचं नाव होतं. शाल मिळणार होती, दोन शब्दही बोलायचे होते.

मंजुश्रीने पेढा घेतला. "लई चांगलं झालं," म्हणाली. सिंधूची पाठ वळली तसा तो पेढा तिने देवळीत ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या.

हा अभ्यास लातूरच्या एका धर्मादाय रुग्णालयाने वीस-बावीस वर्षांपूर्वी सुरू केला होता. त्यात नाव देणारी माणसं आजारी नव्हती, साधी चालती-बोलती होती. दर दोन वर्षांनी ती तपासणीला यायची, दंडाला पट्टा बांधून घ्यायची, रक्त द्यायची, छातीवर तारा लावून कागदावर आलेख काढून घ्यायची. मीठ किती खाता, मिश्री लावता का, झोप लागते का, घरात काळजी कसली, या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायची. त्यातून डॉक्टरांना कळत जायचं की आपल्याकडच्या माणसाचं हृदय कधी थकतं, कशानं थकतं. बदल्यात कुणाला काही मिळत नव्हतं. एखाद्याचा रक्तदाब वाढलेला आढळला तर त्याला सांगायचे आणि गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात पाठवायचे, एवढंच. गावात या मंडळींना सगळे 'हार्टवाले' म्हणत.

आणि हार्टवाल्यांचं गावातलं पहिलं शिबिर भरलं होतं ते मंजुश्रीच्या ओसरीत! तेव्हा ती नवी सून होती. डॉक्टरांना चहा तिने केला होता, खुर्च्या तिने पुसल्या होत्या, आणि नाव नोंदवताना सिंधू तिच्या मागे उभी होती. सिंधूला तर सुईची भीती. तिचा हात मंजुश्रीने धरला होता. आता शाल सिंधूला.

अभ्यासाचं गावातलं काम पाहणारी उज्वला नावाची परिचारिका होती. तिला मंजुश्रीने रस्त्यात गाठून, सहज विचारल्यासारखं करून विचारलंच. उज्वलाने सरळ सांगितलं की ज्यांची एकही फेरी चुकली नाही त्यांना स्टेजवर बोलावलंय. मंजुश्रीच्या मधल्या काही फेऱ्या चुकल्या होत्या. एकदा उदगीरला माहेरी लग्न होतं, एकदा दुकानाची दिवाळी होती, पुढे तर तिने यायचंच सोडलं होतं. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला जास्त झोंबलं.

पुढचे दिवस तिने फार वाईट काढले. सिंधूने नवी साडी आणली. ती दाखवायला आली. ब्लाउज शिवायला टाकला, तेही येऊन सांगितलं. सिंधूला या सगळ्याची हौस होती आणि ती लपवायची कला तिच्यात नव्हती. गल्लीच्या ग्रुपवर तिने निमंत्रणपत्रिकेचा फोटो टाकला. त्याखाली हात जोडलेले, फुलं, टाळ्या. मंजुश्री मोबाइल पालथा ठेवायची आणि जरा वेळाने पुन्हा उचलून किती फुलं वाढली ते बघायची. जेवताना सोमेश म्हणाला, सिंधूवहिनींनी गल्लीचं नाव काढलं बघ. त्या रात्री आमटीत मीठ पडलंच नाही.

तिचे सासरे रेवणप्पा ओसरीतल्या बाजेवरून हे सगळं बघत होते. वय झालं होतं, पण नजर शाबूत होती. त्यांनी एकदाच तिला हाक मारून म्हटलं, "पोरी, तिला काय मिळून राहिलं ते तू लई बघून राहिलीस. तुझ्याच जिवाला त्रास हाय." मंजुश्रीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिला वाटलं, मामांना काय कळतंय यातलं.

नरसिंगच्या पिठाच्या गिरणीवर संध्याकाळी बायकांची गर्दी असते. तिथे मंजुश्री ज्वारीचा डबा घेऊन गेली. विषय सिंधूच्या शालीचाच होता. कुणीतरी म्हणालं, नशीबवान बाई. मंजुश्रीला ते सहन झालं नाही. आधी ती नुसती हसली. मग म्हणाली, "नशीब कशाचं? उगीच कुणी शाल पांघरतंय का? माणसं आणून देती ती त्यांना. लातूरला नेऊन त्या रक्ताचं काय करतात, कोण बघितलंय? आणि त्या गोळ्या खायला लावतात, त्या तर प्रयोगाच्या असतात म्हणं."

यातलं एकही तिला कुठून कळलं नव्हतं. बोलता बोलता ते तिच्याच तोंडात तयार झालं होतं. पण बायकांनी तोंडावर पदर घेतला, डोळे मोठे केले, आणि मंजुश्रीला कित्येक दिवसांनी गार वाटलं. त्या रात्री तिला झोपही छान लागली.

शब्द गिरणीवरून निघाला आणि घरोघर गेला. आठवड्याभरात नवी फेरी होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत. दर वेळी व्हरांड्यात बसायला जागा नसायची. या वेळी खुर्च्या रिकाम्या. उज्वला दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. मंजुश्री मुद्दाम त्या बाजूने भाजी आणायला गेली आणि ते चित्र डोळे भरून बघून आली.

सिंधूला काही उमगेना. भर उन्हात ती दारोदार फिरली. कुणी म्हणे पाहुणे आलेत, कुणी म्हणे उपास आहे. एका घरात तर तोंडावर सांगितलं, आमचं रक्त विकून तू शाली घे. सिंधू परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मंजुश्री खिडकीतून बघत होती. तिला आनंद झाला, नाही असं नाही. पण तो फार वेळ टिकला नाही. सिंधू कुणाशी भांडली नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडली, याचाच तिला राग येत राहिला.

उन्हाळ्याची कामं सुरू झाली होती. दर वर्षीप्रमाणे कुरडया करायला नागूबाई आली. नागूबाई एकटी बाई, गल्लीतल्या दहा घरांच्या कुरडया, पापड, शेवया तिच्याच हातच्या. मंजुश्रीला ती अक्का म्हणे आणि तिच्या शब्दाला मान देई. गव्हाचा चीक शिजवून झाला. पातेलं घेऊन नागूबाई गच्चीचा जिना चढायला लागली आणि मध्येच थांबली. कठड्याला टेकली. मंजुश्रीला वाटलं, ऊन लागलं. पाणी घेऊन ती धावली, तर नागूबाईला घोट गिळता येईना. श्वास घेताना छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. ओठ काळेनिळे पडत चालले होते.

सोमेश दुकानात, गल्लीत दुपारची सामसूम. मंजुश्रीने जिन्यातूनच हाक मारली, आणि तोंडात नाव आलं ते सिंधूचं. सिंधू पायात चप्पल न घालता आली. तिने उज्वलाला फोन लावला. उज्वलाने फोनवरूनच सांगितलं की आडवं करू नका, उठवून बसवा, पाय खाली सोडा आणि आधी एकशे आठला फोन करा. दोघींनी नागूबाईला जिन्याच्या पायरीवर धरून बसवलं. एका बाजूला सिंधू, दुसऱ्या बाजूला मंजुश्री. गाडी येईपर्यंत दोघींनी तिला तसंच धरून ठेवलं. पातेल्यातला चीक जिन्यावरून खाली ओघळत होता.

चाकूरच्या दवाखान्यात प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं आणि पुढे लातूरला नेलं. दाब भयंकर वाढला होता. हृदयाला तो झेपला नाही आणि फुप्फुसात पाणी भरलं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नागूबाईला बोलता यायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, दाबाच्या गोळ्या चालू होत्या ना? मागच्या तपासणीत दाब सापडला होता, सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या होत्या, मग बंद का केल्या?

नागूबाईने खाटेशी उभ्या असलेल्या मंजुश्रीकडे बघितलं. तिच्या नजरेत तक्रार नव्हती. साधं उत्तर देत होती ती.

"अक्का म्हणल्या, प्रयोगाच्या हायेत. म्हणून बंद केल्या. अक्का खोटं कशाला बोलतील?"

डॉक्टर काहीतरी समजावत होते की त्या साध्या, वर्षानुवर्षं हजारो लोक घेतात तशा गोळ्या आहेत. मंजुश्रीला काही ऐकू येत नव्हतं. सिंधू खाटेच्या पलीकडे उभी होती. तिनेही ऐकलं होतं. तिने फक्त नागूबाईच्या अंगावरची चादर नीट केली आणि बाहेर निघून गेली.

घरी आल्यावर मंजुश्री ओसरीत खाली बसली. रेवणप्पांना तिने सगळं सांगितलं, गिरणीवरचं, मुंग्या लागलेल्या पेढ्यापर्यंतचं. शेवटी रडत म्हणाली, की मला एवढंच वाटत होतं, पहिलं शिबिर आपल्या घरी झालं, माझं नाव कुणी घेतलं नाही.

रेवणप्पा बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, "ओसरी मी दिली होती. कशासाठी दिली, आठवतं का तुला?"

तिला आठवत होतं. पण त्याचा विचार तिने कित्येक वर्षांत केला नव्हता. सोमेशचा थोरला भाऊ बसवराज लातूरच्या बाजारात सोयाबीन घालायला गेला होता आणि तिथेच पोत्यावर बसल्या बसल्या गेला. चाळिशीही गाठली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं होतं, याला आधी काही त्रास होता का? घरात कुणालाच सांगता आलं नव्हतं. कुणी कधी त्याच्या दंडाला पट्टाच बांधला नव्हता.

"माझा ल्योक का गेला, ह्याचं उत्तर मला पाहिजे होतं," रेवणप्पा म्हणाले. "ते लोक जागा शोधत आले, मी म्हणलं बसा. मला उत्तर मिळालं न्हाई. ते कधी मिळणारही न्हाई. पण ह्या नागूबाईचा दाब सापडला ना? गावातल्या किती जणांचा येळेवर सापडला. माझ्या पोराच्या वेळी जे कुणाला ठाऊक नव्हतं, ते आता ठाऊक होऊन राहिलंय. सिंधू तिथं जाऊन हात पुढं करती, ते तिला शाल मिळावी म्हणून करत होती का? वीस वर्षांमागं शाल कुणाला ठाऊक होती? ती येत राहिली. पोरीच्या लग्नात आली, सासू गेली त्या साली आली. आपण रक्त देतो ते आपल्या कामी येईल का कुणाच्या, हे तिला म्हाईत नव्हतं, तरी आली. सत्कार त्याचा हाय. आणि तू तिच्यावर रागावलीस, त्यानं तिच्या घराचं काय बिघडलं न्हाई, नागूबाईचा श्वास अडकला."

मंजुश्रीने विचारलं, आता मी काय करू.

"जिथं सांडलंस तिथंच पूस," एवढंच ते म्हणाले.

हे बोलायला सोपं होतं. गावात मान असलेल्या बाईने चार बायकांत स्वतःला खोटं म्हणवून घ्यायचं, याहून अवघड काही नसतं. दोन दिवस तिचा पाय निघाला नाही. घरातलं पीठ संपलं नव्हतं, तरी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रिकाम्या हाताने गिरणीवर गेली. बायका होत्याच. पट्ट्याचा आवाज चालू होता.

"नरसिंगभाऊ, गिरणी जरा थांबवा," ती म्हणाली.

नरसिंगने खटका खाली केला. एकदम शांत झालं. मंजुश्रीने पदर आवळून घेतला आणि सांगितलं, की मी मागे इथं जे बोलले ते सगळं खोटं होतं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. सिंधूचा मान माझ्याच्यानं बघवला नाही म्हणून बोलले. माझ्या बोलण्यानं नागूबाई मरणाच्या दारात गेली. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, पण तपासणी सोडू नका, गोळ्या बंद करू नका.

एक म्हातारी डबा उचलून निघता निघता म्हणाली, की तुझ्या घरात देवाधर्माचं एवढं, आणि तोंडात हे. मंजुश्रीने मान खाली घातली. तिला ते ऐकायचंच होतं. एक दोघी हसल्या. एकीने मात्र जवळ येऊन विचारलं, उज्वलाताई आता परत कधी येणार?

तिथून ती सरळ सिंधूच्या घरी गेली. सिंधू भाकरी करत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हणाली, "मला ठाऊक होतं अक्का, कोण बोललं ते. गल्लीत काय लपून राहतंय? माझ्यावर बोलला असता तर चाललं असतं. साडीवर बोला, शालीवर बोला, मी मिरवले हे खरंच हाय. पण त्या कामावर कशाला बोललात? पहिल्या दिवशी माझा हात तुम्हीच धरला होता."

मंजुश्री तशीच उभी राहिली. सिंधूने तिला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. भाकऱ्या झाल्यावर हात धुऊन आली आणि म्हणाली, उद्या त्या वरच्या गल्लीत जायचंय, माझं आता कुणी ऐकत नाही, तुम्ही येता का? मंजुश्री हो म्हणाली.

पुढचे कितीतरी दिवस गावाने दोघींना बरोबर फिरताना पाहिलं. प्रत्येक दारात मंजुश्री आधी आपली चूक सांगायची, मग सिंधू बोलायची. बरीच घरं परत आली. सगळी नाही आली. दोन दारं जी बंद झाली ती झालीच. एकदा गेलेला विश्वास शब्द मागे घेतल्याने पूर्ण परत येत नाही, हे मंजुश्रीला त्या दोन दारांसमोर उभं राहून कळलं. उज्वलाने शाळेत पुन्हा एक दिवस तपासणी ठेवली, तेव्हा नागूबाईला आधार देऊन मंजुश्रीनेच नेलं आणि तिच्यानंतर स्वतःही बाही वर करून बसली.

लातूरच्या सभागृहात कार्यक्रम झाला. चाकूर, कंधार आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं आली होती. मंजुश्री रेवणप्पांना घेऊन मागच्या रांगेत बसली. सिंधूचं नाव पुकारलं, ती त्याच नव्या साडीत स्टेजवर गेली. शाल तिच्या खांद्यावर पडली त्या क्षणी मंजुश्रीला पुन्हा काहीतरी टोचलं. टोचलं, हे तिने स्वतःशी कबूल केलं. आणि मग तिने हात उचलून टाळ्या वाजवल्या, इतक्या जोराने की शेजारच्या बाईने वळून बघितलं.

सिंधूने भाषण पाठ केलं होतं, ते ती विसरली. म्हणाली, मला सुईची लई भीती वाटायची, अजून वाटती. पण म्हणलं, आपल्याला जरा टोचलं तर टोचलं, कुणाचं तरी माणूस घरी राहील. एवढं बोलून ती खाली उतरली.

मग डॉक्टरांनी सांगितलं, की एकदा जरी या अभ्यासाला हात दिला असेल त्या सगळ्यांनी जागेवर उभं राहावं. खुर्च्या सरकल्या. काठी टेकत रेवणप्पा उठले. मंजुश्री बसूनच होती. आपण उभं राहायचं की नाही, हे तिला कळत नव्हतं.

"ऊठ," रेवणप्पा म्हणाले. "पुढच्या फेरीला यायचं असेल तर ऊठ."

ती उठली.

मित्रहो, समाजाचं भलं करणारी कामं अशीच चालतात. त्यांत नाव नसतं, लगेच फळ नसतं, साधी माणसं वर्षानुवर्षं आपला वेळ आणि आपलं रक्त देतात, आणि त्याचा उपयोग होतो तो त्यांनी कधी न पाहिलेल्या माणसांना. अशांचा सत्कार होतो तेव्हा आपल्या मनात मत्सर येईल. तो येतो, आपण माणसं आहोत. पण तो आपल्यापुरता राहील असं समजू नका. एका बाईचा मान खुपला म्हणून चार शब्द बोलले गेले आणि त्यांची किंमत जिन्यावर श्वास अडकलेल्या नागूबाईने मोजली. म्हणून दुसऱ्याच्या कौतुकाच्या वेळी टाळी वाजवता आली नाही तर निदान गप्प बसावं, आणि शक्य झालं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कामाला लागावं. नागूबाई आता जिना हळूहळू चढते, गोळ्या वेळेवर घेते. आणि त्या दोन बंद दारांवर मंजुश्री अजूनही दर फेरीच्या आधी जाऊन थाप मारते.